प्रीॲम्पचा पंचनामा

जावयानं जेवणात खोड काढावी, आहेरात काढावी, सासऱ्याला ते पचतं. सासरा होताना तेवढी तयारी माणसानं केलेलीच असते. पण मानवतच्या सोमेश्वरअप्पा डिग्रसे यांच्या जावयानं दिवाळीच्या पाडव्याला, ओवाळणी झाल्यावर, भरल्या घरात त्यांच्या आवाजात खोड काढली. अप्पांच्या गळ्याच्या आवाजात नव्हे. बैठकीतल्या काचेच्या कपाटात जी सिस्टीम होती तिच्या आवाजात. अप्पांच्या लेखी त्यात फरक नव्हता.

ही सिस्टीम अप्पांनी एकेक करून जमवलेली. ॲम्प्लिफायर परभणीच्या एका कारागिराकडून बनवून घेतलेला, स्पीकर नांदेडहून एसटीच्या टपावरून आणलेले, आणि रेकॉर्ड प्लेअर एका निवृत्त मुख्याध्यापकाकडून, त्यांच्या तबकड्यांसकट उचललेला. अप्पा जिनिंग फॅक्टरीत हिशेबनीस. दिवसभर सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या धडधडीत बसायचं, संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुवायचे, कपाळाला भस्म लावायचं आणि वेताच्या खुर्चीत बसून सतार ऐकायची. माणसाला मिरवायला काहीतरी एक लागतं. शेजारच्या भुजंगरावांना रक्तदाब होता, समोरच्या महारुद्रला डीजे होता, अप्पांना कान होता.

तर जावई. हरिओमराव पुण्याला कॉम्प्युटरमध्ये. त्यांनी थोडा वेळ मान तिरकी करून सतार ऐकली आणि म्हणाले, "मामा, स्पीकर छान आहेत. फक्त चांगला प्रीॲम्प नाही, त्यामुळं आवाज जरा मळकट येतोय."

मळकट. बाकीचं सगळं अप्पांनी सोडून दिलं असतं, पण हा शब्द त्यांच्या कानात कुसळासारखा रुतला.

"सुई तबकडीवरून जो आवाज उचलते ना, तो फार नाजूक असतो," हरिओमराव समजावायला लागले. "त्याला न बिघडवता मोठ्या ॲम्पपर्यंत नेऊन सोडायचं काम प्रीॲम्पचं. तुमच्या ॲम्पमध्ये नावाला एक आहे, पण तो असून नसल्यासारखा. तिथंच कचरा मिसळला की पुढचा ॲम्प तो कचराच मोठा करून ऐकवतो."

"म्हणजे कापसात पाला राहिला की गाठ कितीबी घट्ट बांधा, पालाच बांधला जातो."

"अगदी तसंच, मामा."

जावयाचं म्हणणं आपल्याला समजलं, हे अप्पांचं पहिलं दुर्दैव. न समजलं असतं तर ते सुखात राहिले असते. लेक-जावई पुण्याला गेल्यावर त्यांनी तीच तबकडी परत लावली, आणि काय सांगावं, सगळीकडं मळच मळ. आलाप मळका, जोड मळका. इतकी वर्षं आपण असल्या चादरीवर झोपत होतो, या विचारानं त्यांना अन्न गोड लागेना. चार दिवस कळ काढून त्यांनी प्रीॲम्प मागवला.

"आणखी एक डबा?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

"डबा न्हाई. प्रीॲम्प."

"त्यानं काय होतंय?"

"आवाज निवळतो."

वैजयंतीबाईंनी कपाटाकडं बघितलं, त्यातल्या डब्यांवरची धूळ आजवर कोण पुसत आलं ते मनात आणलं आणि आत गेल्या. भुजंगराव मात्र रोज सकाळी अप्पांकडं फुकट पेपर वाचायला यायचे, त्यामुळं त्यांना सल्ला देणं भाग होतं.

"फ्री मिळायलाय तर घ्या की अप्पा. कामून एवढा इचार करायलाव?"

"फ्री न्हाई हो. प्री."

"तेच म्हणायलोय मी," भुजंगराव म्हणाले आणि पान उलटलं.

मानवत आणि मानवत रोड ही दोन वेगळी ठिकाणं आहेत, मधे बरंच अंतर आहे आणि रेल्वे स्टेशन दुसऱ्या ठिकाणी आहे, ही गोष्ट इथलं शेंबडं पोर जाणतं आणि बाहेरच्या कोणालाही पटत नाही. पार्सलवाल्याचा फोन आला, "साहेब, तुमच्या घरासमोर उभा हाय." अप्पा ओट्यावरच उभे होते. समोर महारुद्रची म्हैस सोडून कोणी नव्हतं. चौकशीअंती पार्सलवाला स्टेशनसमोरच्या कुठल्याशा घरापुढं उभा निघाला. अप्पा ऑटो करून पोचेपर्यंत तो कंटाळून पार्सल एका रसवंतीवाल्याकडं ठेवून गेला होता, आणि रसवंतीवाल्यानं त्यावर उसाच्या मोळ्या टेकवल्या होत्या. अप्पांनी खोकं धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि नातू मांडीवर घ्यावा तसं मांडीवर घेऊन घरी आणलं.

सगळ्या वायरी जोडून, दिव्याला नमस्कार करून अप्पांनी बटण दाबलं. सतार आली. सतारीच्या आधी, सतारीच्या मागं आणि सतार थांबल्यावरही गुंऽऽ असा एक आवाज आला, एखादा भला थोरला भुंगा स्पीकरमध्ये बिऱ्हाड करून राहिल्यासारखा.

"अर्थिंग नीट नसेल, मामा," जावयानं फोनवर सांगितलं. "चांगला प्रीॲम्प आला की घरातले सगळे दोष ऐकू यायला लागतात."

हा नियम चांगल्या जावयालाही लागू पडतो, असं अप्पांच्या ओठांवर आलं होतं. पण लेक दिलेली.

महारुद्रचा उपाय सोपा होता. लग्नाच्या वरातीत त्याचा डीजे वाजायला लागला की तीन गल्ल्यांतली भांडी फळीवरून खाली यायची. तो म्हणाला, "अप्पा, ते काढून टाका. माझे दोन टॉप, दोन बेस लावतो. गुणगुण ऐकूच येणार न्हाई."

"मंग काय ऐकू येईल?"

महारुद्रनं विचार केला. "काहीच न्हाई," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

शेवटी मुंजाजी वायरमनला बोलावलं. अर्थिंग म्हणजे जमिनीत खोल खड्डा घ्यायचा, त्यात पट्टी पुरायची, मीठ आणि कोळसा भरायचा. खड्ड्याला जागा एकच होती, फाटकाजवळ, जिथं वैजयंतीबाईंचं कढीपत्त्याचं झाड होतं. झाड निघालं. वैजयंतीबाईंनी त्याचा सगळा पाला ओरबाडून घेतला आणि पुढं कितीतरी दिवस घरातल्या प्रत्येक पदार्थात कढीपत्ता पडत राहिला, पोह्यात, वरणात, एकदा चहाचाही संशय आला.

खड्डा खणला त्या दिवशी नळाला पाणी येण्याचा वार होता. कॉलनीत हा वार सणासारखा पाळतात. दारोदार हंडे, बादल्या, पिंपं मांडून बायका उभ्या होत्या. आणि नेमक्या त्या मुहूर्तावर मुंजाजीची पहार खणकन वाजली, खड्ड्यातून पाण्याचा फवारा उडाला तो थेट भुजंगरावांच्या हातातल्या पेपरावर, आणि कॉलनीभरच्या नळांनी एक उसासा टाकून माना टाकल्या.

मुंजाजी भिजलेल्या अंगानं खड्ड्यातून वर आला. "अर्थिंगला ओल लागतेच अप्पा," तो म्हणाला.

कॉलनीला पाणी देण्याचं काम 'श्री संगमेश्वर सहकारी पाणीपुरवठा संस्था' करत असे. एक बोअर, एक टाकी आणि अगणित शिक्के, एवढी संस्थेची मालमत्ता. तिचे सचिव रंगनाथराव हे कोर्टात शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले, पण निवृत्ती त्यांच्या अंगी लागली नव्हती. काही लोक नळाला चोरून पंप लावतात आणि म्हणून शेवटच्या घरांना पाणी पोचत नाही, असा त्यांचा जुना सिद्धांत होता; अडचण एवढीच की आजवर एकही पंप सापडला नव्हता. ते लगबगीनं आले, फवारा पाहिला आणि वही उघडली.

"कशासाठी खांदलं?"

"प्रीॲम्पसाठी," अप्पा म्हणाले. पाण्याचा आवाज मोठा होता.

रंगनाथरावांनी लिहून घेतलं. लिहिताना त्यांच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडला तो पाहून अप्पांनी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पाइप दोन दिवसांनी जोडला गेला, खड्डा भरला, आणि त्या संध्याकाळी अप्पांनी बटण दाबलं तर भुंगा गेलेला. खरोखर गेलेला. अप्पा खुर्चीत मागं रेलले. आता मळ कुठं होता? सतारियाचं बोट तारेवरून सरकतं तेही आपल्याला ऐकू येतंय, अशी त्यांची खात्री पटली. त्यांनी जावयाला फोन करून तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी फॅक्टरीत सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. आयुष्यात क्वचित मिळावी अशी तृप्ती त्यांना मिळाली आणि ती पुढच्या सकाळपर्यंत टिकली.

सकाळी संस्थेच्या फळ्यावर नोटीस लागली. सभासद श्री. सो. ई. डिग्रसे यांनी विनापरवाना खोदकाम करून जलवाहिनीवर पंप बसविल्याचे त्यांच्याच कबुलीवरून निष्पन्न झाले आहे, तरी त्यांनी सदर पंप संस्थेत जमा करावा.

अप्पांनी ती दोनदा वाचली. 'त्यांच्याच कबुलीवरून' इथं पोचल्यावर दोन्ही वेळा त्यांचा चष्मा धुरकट झाला.

ज्या माणसानं उभ्या हयातीत फॅक्टरीची टाचणी घरी आणली नाही तो एका रात्रीत पाणीचोर झाला. शेवटच्या ओळीतल्या बायका वैजयंतीबाईंशी बोलेनात. सोमवारच्या भजनाला अप्पा गेले तर शेजारच्यानं सतरंजीवर जरा सरकून घेतलं. जागा दिली की अंतर ठेवलं, ते कळायला मार्ग नव्हता. आणि भुजंगराव, जे रोज अप्पांच्याच ओट्यावर बसत, ते पारावर अप्पांची बाजू घेत होते: "माणूस वाईट न्हाई वो. पंप फ्री मिळाला, म्हणून लावला आसंल."

अप्पांनी अर्ज केला की सदर वस्तू पंप नसून प्रीॲम्प आहे. रंगनाथरावांनी अर्ज चष्म्याच्या वरून वाचला, खालून वाचला.

"प्री म्हणजे आधी. बराबर?"

"बराबर."

"म्हणजे आधीचा पंप. मंग नंतरचा पंप कुठं हाय?"

"तो ॲम्प्लिफायर हाय रंगनाथराव. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही गाण्याचे हायेत."

"दोन पंप," रंगनाथराव पुटपुटले. मग खुर्चीत ताठ बसले. "अप्पा, तुमच्यावर माझा इतबार हाय. पण इतबारावर शिक्का मारता येत न्हाई. रविवारी पंचनामा करू."

रविवारी ते शाईचा पॅड घेऊन आले. पंच म्हणून भुजंगराव आणि महारुद्र. बाकीची कॉलनी खिडकीशी. अप्पांनी पांढरंशुभ्र धोतर नेसलं होतं, लग्नातल्यासारखं. रंगनाथरावांनी वाकून प्रीॲम्पची सगळ्या बाजूंनी तपासणी केली.

"पाणी कुठून जातं?"

"पाणी जात न्हाई. आवाज जातो."

"कुठून?"

"हितून."

"आन् निघतो?"

"हितून."

'एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर,' असं रंगनाथरावांनी लिहिलं. मग म्हणाले, "पंप न्हाई म्हणता तर ह्याचा उपयोग काय? उपयोग पंचांच्या नजरंस पडला पाहिजे."

"नजरंस कसा पडंल? कानास पडंल." अप्पांना हुरूप आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी मुद्द्याचं विचारलं होतं. ठरलं असं की वायरी जोडण्यात हुशार म्हणून महारुद्रनं कपाटामागं बसावं, आधी प्रीॲम्पशिवाय सतार ऐकवावी आणि मग प्रीॲम्प लावून.

सतार सुरू झाली. पंचांनी माना खाली घातल्या, जशा ते श्रद्धांजलीला घालतात. थोड्या वेळानं अप्पांनी बोट वर केलं. "आता बगा. आता लावला. सतार कशी पुढं आली. आवाज निवळला का न्हाई?"

"अप्पा," कपाटामागून महारुद्र म्हणाला, "मी आजून काहीच लावलं न्हाई."

खिडकीत कोणीतरी खोकलं.

"तुमी बोलत होतात, त्याच्यामुळं," अप्पा म्हणाले. कोणीच बोलत नव्हतं.

मग महारुद्रनं खरोखर लावला. पंच एकमेकांकडं बघायला लागले. भुजंगराव म्हणाले, "चांगलं हाय. आधीबी चांगलंच होतं." आणि मग, निव्वळ अप्पांना मदत म्हणून, त्यांनी ती सूचना केली. "अप्पा, आमचा कान अडाणी. तुमी तिकडं तोंड करून बसा आन् कवा लावला, कवा काढला ते सांगा. म्हणजे मिटलं."

नाही म्हणण्याची सोय नव्हती. अप्पा भिंतीकडं तोंड करून बसले. भिंतीवर वडिलांचा, ईश्वरअप्पांचा फोटो होता. सतार वाजत होती, मधे थांबत होती, परत वाजत होती. अप्पा डोळे मिटून, जीव कानात आणून सांगत होते, "लावला." "काढला." "आता लावला." प्रत्येक वेळी मागून महारुद्रचा दबका आवाज येई, "न्हाई अप्पा." डोळे झाकून ठोकत गेलं तरी माणसाचं निम्मं तरी बरोबर यावं. अप्पांचं तेवढंही आलं नाही. शेवटी महारुद्रच्या आवाजात इतकी काकुळती आली की अप्पांनी ओळखलं, हा आता खोटं बोलून आपल्याला पास करणार. तेव्हा ते स्वतःच उठले.

वैजयंतीबाई चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात कधीच्या उभ्या होत्या. त्यांनी एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा कपाटाकडं, आणि चहा दिला.

पंचनामा मोठ्यानं वाचला गेला. 'सदर यंत्र लावले असता अगर काढले असता कोणताही फरक पडत नसल्याचे खुद्द मालकाच्या तोंडून पंचांसमक्ष सिद्ध झाले. पंपाने फरक पडतो. सबब सदर यंत्र पंप नव्हे.' खाली सह्या, आणि तीन शिक्के.

"सुटलात अप्पा," रंगनाथराव हात जोडून म्हणाले. त्यांच्या स्वरात जरा निराशाच होती. बिचाऱ्यांचा सापडलेला एकुलता एक पंप गेला होता.

लोक हसत, मोकळ्या मनानं घरी गेले. शेवटच्या ओळीतल्या बायका त्याच संध्याकाळी वैजयंतीबाईंशी बोलल्या. अप्पा मात्र धोतर न सोडता तसेच बसून राहिले. चोर ठरलो असतो तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. चोराकडं निदान चालणारा पंप तरी असतो. निर्दोष सुटून त्यांच्या हातात जे उरलं, त्याची कुठं फिर्यादही करता येत नव्हती.

आठवडाभर कपाट बंद होतं. पेपर वाचताना भुजंगराव संगीताचा विषय टाळायचे आणि तो टाळलेला अप्पांना ऐकू यायचा. पुढच्या रविवारी दुपारी अप्पांनी प्रीॲम्प सोडवला, खोक्यात घातला, दोरी बांधली. ॲम्प जुन्या पद्धतीनं जोडला आणि सगळं ठीक चालतंय ना एवढं बघायला तबकडी लावली.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "काढलात का वो ते?"

"काय?"

"ते तुमचं, पंप."

"तुला कसं कळलं?"

वैजयंतीबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. "तंबोरा मागं गेला की. मागं म्हणजे, बंद दाराआड गेल्यासारखा. ते लावल्यापासून कसा ह्या खोलीत होता. त्याची एक तार जरा उतरलेली हाय, तीबी कळायली होती."

अप्पा त्यांच्याकडं बघतच राहिले. या तबकडीत तंबोरा आहे हे त्यांना तबकडीच्या वेष्टनावर वाचून माहीत होतं.

त्यांनी दोरी सोडली. काही न सांगता जोडलं, काढलं, जोडलं. आतून पोळपाटाच्या आवाजाबरोबर उत्तरं येत राहिली. "हां, आला." "गेला." "आता काय केलंत? काहीच न्हाई केलंत." टाकी भरत आली की संस्थेच्या बोअरच्या मोटारीचा सूर बदलतो, तो या बाईला भाकरी थापता थापता कळायचा, आणि कॉलनीत पहिला हंडा नेहमी डिग्रश्यांच्या नळाखाली लागायचा. अप्पांना वाटायचं, तिला घड्याळ बघायची सवय आहे.

"पंचनाम्याच्या दिवशी बोलली का न्हाईस?"

"दहा माणसांत तुमचं चुकायलंय, आन् मी मधे तोंड घालू? आन् मला इचारलं कोणी?" मग त्या म्हणाल्या, "तिसऱ्या खेपेला महारुद्रकडून एक वायर सुटी राहिली होती. एकाच बाजूनं यायलं होतं गाणं. ते तरी तुमाला कळंल वाटलं."

अप्पा परभणीला जाऊन कान दाखवून आले. डॉक्टर तरुण होता. त्यानं अप्पांना एका पेटीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या, निदान तो तरी म्हणाला की ऐकवल्या. मग कागदावर एक रेघ काढून दाखवली, ती थोडी सरळ जाऊन विहिरीत पडल्यासारखी खाली गेली होती.

"जिनिंगमध्ये बरीच वर्षं काढलीत का? मशीनजवळ? वरचे सूर गेलेत काका. बोललेलं कळेल, पण बारीक आवाज परत येणार नाहीत. मशीन बसवता येईल कानाला. तेही आवाज मोठा करतं."

"त्यात प्रीॲम्प कसला असतो?" अप्पांनी विचारलं.

डॉक्टरला प्रश्न कळला नाही. अप्पांनीही परत विचारला नाही. परतीच्या एसटीत खिडकी खडखडत होती, पोरं ओरडत होती, ते सगळं त्यांना व्यवस्थित ऐकू येत होतं, आणि त्याचाच त्यांना राग आला. जावयाचं खरं होतं. प्रीॲम्पनं फरक पडत होता, मोठा पडत होता, त्यांच्याच घरात, त्यांच्याच सतारीला. फक्त ते स्वतः त्या फरकाच्या बाहेर राहिले होते.

घरी आले तेव्हा वेताच्या खुर्चीत वैजयंतीबाई बसल्या होत्या. दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधे, जिथं बसायचं असतं तिथं. पदर खोचलेला, डोळे मिटलेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, दुपारच्या वेळी ही बाई नुसती बसलेली अप्पांनी कधी पाहिली नव्हती. ते स्टूल ओढून शेजारी बसले.

"आता काय चाललंय?" त्यांनी हळूच विचारलं.

"तंबोऱ्याच्या मागं कोणीतरी श्वास घेतला."

"कोण?"

"गप बसा वो जरा. ऐकू द्या."

अप्पा गप बसले. समोर सतार होती, त्यांना ऐकू येत होती तेवढी. बाकीची ते वैजयंतीबाईंच्या चेहऱ्यावर शोधत राहिले. त्यांनी मान हलवली की अर्ध्या मात्रेनं मागून अप्पाही मान हलवायचे. ओट्यावरून जाता जाता भुजंगरावांनी खिडकीतून आत पाहिलं, आणि एवढ्या पंचनाम्यानंतरही ह्या माणसाची समज काही कमी झाली नाही, अशा आदरानं ते पेपर न मागता तसेच पुढं गेले.